धरून ठेवलेली तोटी

वॉशिंग मशीनचा पाइप फुगलेला दिसला तो एका रविवारी सकाळी. ड्राय बाल्कनीत तोटीपासून चार बोटं खाली, जिथे पाइप वाकून मशीनच्या मागे उतरतो, नेमका तिथे लिंबाएवढा फुगवटा आला होता. मशीन पाणी घेत असलं की तो मऊ पडायचा आणि पाणी घेणं थांबलं की पुन्हा टणक व्हायचा. मी बोटाने दाबून पाहिलं आणि हात मागे घेतला. पाणी अजून बाहेर आलं नव्हतं, पण येणार होतं. कदाचित आम्ही सगळे बाहेर असताना, एखाद्या बुधवारी दुपारी.

पाइप बदलणं तसं दहा मिनिटांचं काम. जुना काढायचा, नवा लावायचा. पण तोटीपाशी पाइपचा जो प्लास्टिकचा नट असतो, तो जागचा हलेना. हाताने जोर लावला, फडकं गुंडाळून जोर लावला, तरी नाही. मग मी हात पुसले आणि खाली बसले. याच तोटीवर, अशाच अडकलेल्या नटावर, तीन वर्षांपूर्वी मी जे केलं होतं ते आठवत बसले.

तेव्हा नवीन मशीन आलं होतं आणि त्याच्याबरोबरचा पाइप लावायचा होता. जुना सुटेना म्हणून मी घरातला मोठा पाना काढला, नटाला लावला आणि दोन्ही हातांनी ओढला. दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी ‘कट्’ असा बारीक आवाज आला. मला वाटलं, सुटला. नट काही सुटला नव्हता. तोटी मात्र भिंतीपाशी किंचित कललेली वाटली. ती मी हाताने सरळ केली. मग कशीबशी उलटसुलट खटपट करून पाइप निघाला, नवा बसला. खाली थेंब नव्हता, तोटी कोरडी, मशीन सुरू. काम नीट झालं असंच मी समजले.

नवव्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काकू निवृत्त शिक्षिका, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. म्हणाल्या, “अगं, जरा खाली येतेस का? एक दाखवायचं होतं.”

त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला, आमच्या ड्राय बाल्कनीला लागून असलेल्या कोपऱ्यात, पिवळट ओल आली होती. त्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारलेली आणि रेघेपाशी बारीक सुवाच्य अक्षरात तारीख. तिच्या बाहेर दुसरी रेघ, दुसरी तारीख. मग तिसरी. काकांनी स्टुलावर चढून रोज सकाळी ओलीची हद्द आखून ठेवली होती. “आधी वाटलं, आमच्याच गिझरच्या लाइनचं असेल,” काकू म्हणाल्या. “उगाच तुला कशाला बोलायचं? म्हणून वाट बघितली. पण ती वाढतेच आहे गं.” खालच्या फळीवरचा पिठाचा डबा त्यांनी हलवून डायनिंग टेबलावर ठेवला होता.

काकू भांडल्या असत्या तर मीही काही बोलले असते आणि दोन दिवसांत विसरले असते. त्या पेन्सिलच्या रेघा मात्र मी विसरू शकले नाही. आमच्या घरातून सुटलेलं पाणी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पिठाच्या डब्यावर, दिवसाला दोन बोटं या वेगाने पसरत होतं, आणि वर मी समाधानाने कपडे धूत होते.

प्लंबरने तोटीभोवतीच्या दोन टाइल्स फोडल्या. आत सीपीव्हीसी प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड. पाइप प्लास्टिकचा, पण तोटी जिथे आत जाते तिथे एल्बोमध्ये पितळी आट्यांची बांगडी बसवलेली असते. त्या बांगडीच्या कडेला, प्लास्टिकमध्ये, केसासारखी चीर गेली होती. त्याने नखाने ती दाखवली. नळ बंद असला तरी भिंतीतल्या लाइनला टाकीचा दाब चोवीस तास असतोच, त्यामुळे चिरेतून पाणी रात्रंदिवस झिरपत राहिलं. टाइलच्या पाठीमागून, सिमेंटमधून, स्लॅबमधून. आमच्या बाजूला एक थेंब दिसला नाही, कारण पाण्याला खाली जायचं होतं आणि खालची वाट मोकळी होती.

“कुठून फिरवलात, ताई?” त्याने विचारलं. मी उभी राहून, वरून बघत, कसं फिरवलं ते दाखवलं. घड्याळाच्या उलट. सगळे नट असेच सुटतात, एवढं मला माहीत होतं.

“तुम्ही सोडवत नव्हता. आवळत होता.”

हे समजायला मला दोन मिनिटं लागली, आणि ज्यांनी कधी ना कधी हा नट हातात धरला आहे त्या सगळ्यांसाठी ते इथे लिहून ठेवते. घड्याळाच्या उलट हा नियम खरा, पण तो नटाच्या समोरून बघणाऱ्यासाठी. तोटीचं तोंड जमिनीकडे असतं आणि नट खालून वर चढलेला असतो. म्हणजे समोरून बघायचं तर खाली बसून, वर मान करून बघायला हवं. आपण उभे राहून वरून बघतो, आणि वरून बघणाऱ्याला तोच नट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला तर सुटतो. मी तीन वेळा पूर्ण ताकदीने तो आणखी घट्ट केला होता. नट आणखी फिरणार कुठे? मग सगळा जोर तोटीला गेला, तोटीने तो भिंतीला दिला आणि भिंतीत जे सगळ्यांत नाजूक होतं ते तुटलं.

“आणि पाने दोन लागतात,” तो म्हणाला. “एक फिरवायला, एक धरायला. तोटी धरली नाही तर जोर भिंतीत जातो.”

काकूंच्या छताची कथा पुढे बरीच लांबली. मी घाईने आठवड्याभरात रंगारी बोलावला. वरून सुकलेला दिसणारा स्लॅब आत ओलाच असतो. दीड महिन्यात रंगाचे पोपडे आले. मग पूर्ण पावसाळा आणि दिवाळी जाऊ दिली, डिसेंबरमध्ये सुटलेले पोपडे खरवडून पुन्हा रंग दिला. त्या सगळ्या महिन्यांत काकूंचा पिठाचा डबा डायनिंग टेबलावर होता.

म्हणून या रविवारी मी पाना काढला नाही. आधी नट नीट पाहिला.

नटाच्या वरच्या कडेला, तोटीला जिथे तो टेकतो तिथे, पांढरा खडबडीत थर होता. कढईच्या तळाला साय करपून चिकटावी तसा घट्ट. आम्ही वाघोलीत राहतो. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, पण आमच्या सोसायटीच्या टाकीत उन्हाळ्यात अजूनही टँकरचं पाणी पडतं, आणि ते बहुतेक कुठल्यातरी बोअरवेलचं. इथल्या जमिनीखाली दख्खनचा काळा कातळ आहे. त्याच्या भेगांमधून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस कमी येतो, बादलीला पांढरी कड धरते, ते याच पाण्याने. नटाच्या आट्यांत रोज थोडासा ओलावा शिरायचा, उन्हाने तो वाळायचा आणि मागे क्षार राहायचा. तीन वर्षांत त्या क्षाराने नट आणि तोटी एकमेकांना सांधून टाकली होती. म्हणजे तो जास्त आवळलेला नव्हता, दगडाने धरलेला होता. आणि हा दगड चुन्याच्या जातीचा, जोराने फुटण्याआधी आंबटाने विरघळणारा.

ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्व घरात होतं. एक वाटी कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवलं. व्हिनेगर असेल तर तेही चालतं. जुन्या सुती साडीची पट्टी त्यात भिजवून नटाभोवती गुंडाळली, वर प्लास्टिकची पिशवी लावून रबरबँडने आवळली, म्हणजे पट्टी वाळत नाही. कान जवळ नेला तर अगदी बारीक चरचर ऐकू येत होती, क्षारातून वायूचे बुडबुडे सुटल्याची. दोन तासांनी पट्टी बदलली, दुपारी पुन्हा बदलली. सोसायटीत कुणीतरी सुचवलं की फरशी धुवायचं ॲसिड लाव, पाच मिनिटांत सुटेल. सुटेलही. पण ते तोटीचा मुलामा खातं आणि खालचं पितळही सोडत नाही. मग नट सुटतो आणि तोटी जाते. मला दिवसभराचा वेळ चालणार होता.

पट्टी मुरत होती तेवढ्यात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने विचारलं, “टॉप लोड की फ्रंट लोड? इनलेट की आउटलेट? किती लांब?” जुन्या पाइपचा मशीनकडचा वाकडा नट मी फोटोत दाखवला. “पाऊण इंची आहे, सगळ्यांना बसतो,” म्हणून त्याने दीड मीटरचा जाळी गुंफलेला पाइप दिला. पुढे नट सुटल्यावर मी मुलीच्या पट्टीने तोटीचे आटे मोजले तर बाहेरून २६ मिलिमीटरहून थोडे जास्तच भरले, म्हणजे इंचापेक्षाही मोठे. मग पाऊण इंच कुठे आहे? तो कुठेच नाही, आणि हे मला फार आवडलं. ते माप आट्यांचं नाहीच, जुन्या काळच्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं आहे. पाऊण इंच पोकळीच्या पाइपवर बाहेरून जे आटे पाडले जायचे, त्यांना पाऊण इंची म्हणायची पद्धत पडली. पाइप बदलले, लोखंड जाऊन प्लास्टिक आलं, नाव राहिलं. या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तो जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ मध्ये मांडलेल्या मापातून आलेला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असे आणि एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. वाघोलीतल्या दुकानदाराने न मोजता दिलेला पाइप माझ्या तोटीला बसला, तो या जुन्या शिस्तीमुळे.

चार वाजता पिशवी सोडली. पांढरा थर मऊ चिखलासारखा झाला होता, जुन्या टूथब्रशने घासून काढला. मशीनचा प्लग काढायच्या आधी एक गोष्ट केली, हीसुद्धा त्या प्लंबरने सांगितलेली: नळ बंद करून मशीन अर्धा मिनिट सुरू केलं. आतला व्हॉल्व्ह उघडतो, पाइपमध्ये कोंडलेला दाब मशीनमध्ये निघून जातो. फुगवटा मऊ पडून सुरकुतला. नाहीतर नट सुटताक्षणी पाणी तोंडावर येतं. मग प्लग काढला, गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तोटीखाली बादली ठेवली.

उकळीच्या जवळच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं चिमट्याने उचलून नटावर ठेवलं. उष्णतेने प्लास्टिक पितळेपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. नट बाहेरून, तोटी आतून, म्हणजे नट मोठा होतो आणि तोटी जवळजवळ तेवढीच राहते. पण ही सवड मिनिटभराची. मुलीला बोलावलं. ती नववीत आहे. तिच्या हातात स्क्रू पाना दिला, तोटीच्या मानेला जो चपटा भाग असतो तिथे फडक्यावरून बसवला.

“काय करू?”

“काही नाही. तोटी जराही हलू द्यायची नाही. मी कितीही जोर लावला तरी.”

मी खाली फरशीवर बसले, मान वर केली आणि नट समोरून पाहिला. आता घड्याळाच्या उलट. दुसरा पाना नटाच्या खाचांवर बसवून जोर लावला. तिकडे तिचे दंड ताठरले, ओठ दाताखाली गेले. “आई, तोटी येतेय माझ्याकडे.” मी थांबले. तिने पाय भिंतीला टेकवून पकड बदलली. पुन्हा जोर. नट हलला नाही.

इथे तीन वर्षांपूर्वीची मी आणखी लांब पाना शोधायला गेले असते. पाना लांब झाला की जोर वाढतो आणि हाताला ते कळतही नाही. या वेळी पुन्हा लिंबूसत्वाची पट्टी बांधली आणि सोमवार सकाळपर्यंत सोडून दिली. कपड्यांचा ढीग साचला, साचू दे म्हटलं. तरीही सुटला नसता तर हॅक्सॉच्या पात्याने नटाला तिरका काप द्यायचा, आट्यांना पातं लागण्याआधी थांबायचं आणि कापात स्क्रू ड्रायव्हर घालून पिरगळायचं, म्हणजे प्लास्टिक तडकून निघतं. जुना पाइप असाही टाकायचाच असतो, त्याच्या नटाची काय पर्वा? जपायची ती तोटी, आणि तोटीपेक्षाही भिंत.

सोमवारी सकाळी शाळेचा युनिफॉर्म घालून मुलीने पाना धरला. पुन्हा गरम फडकं, पुन्हा जोर, आणि पोलपाट फरशीवर सरकावा तसा खर्र आवाज करत नट एक बोटभर फिरला. मग अर्धा फेरा. मग हाताने. तोटी जागेवरून हलली नव्हती. मुलगी म्हणाली, “मला वाटलं माझं काहीच काम नाहीये.” तिच्या तळहातावर पान्याच्या दांड्याचा लाल वळ उठला होता.

तोटीच्या तोंडात बोट घालून पाहिलं तर जुन्या पाइपचा रबरी वायसर तिथेच चिकटून राहिला होता, काळा, कडक, बिस्किटासारखा. हा राहिला आणि त्यावर नवा पाइप चढवला तर एकावर एक दोन वायसर होतात, वाकडे बसतात आणि हमखास गळतात. तो सुईने उकरून काढला, तोटीची कड पुसून बोट फिरवलं. एकही खडा नको.

दुकानदाराने पाइपबरोबर टेफ्लॉन टेपचं रीळही पिशवीत टाकलं होतं. बहुतेक जण ती पांढरी टेप या आट्यांवर गुंडाळतात. मीही मागच्या वेळी भरपूर गुंडाळली होती. तिची जागा तोटी भिंतीत जिथे शिरते तिथली. तिथले आटे निमुळते असतात, एकमेकांत रुतत जातात आणि राहिलेली फट टेप भरते. माझ्या लहानपणी त्याच फटीत तागाचे धागे आणि सफेदा भरत, त्याचा वास अजून आठवतो. पाइपच्या नटाचे आटे सरळ असतात. ते पाणी अडवतच नाहीत, फक्त वायसरला तोटीच्या कडेवर दाबून धरतात. पाणी अडवतो तो एकटा वायसर. टेप गुंडाळली तर नट उलट पुरता वर चढत नाही आणि वायसर अर्धवट दाबला जातो. मी रीळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. नव्या पाइपच्या दोन्ही टोकांना वायसर आहेत ना, ते बोटाने चाचपून घेतलं. कधी कधी एखादा पिशवीतच पडलेला असतो.

नट लावताना आधी तो उलटा फिरवला, अगदी हलक्या हाताने. आट्याचं टोक आट्याच्या टोकावरून घसरून खाली बसतं तेव्हा बोटांना एक सूक्ष्म ‘टक्’ जाणवतो. तिथून सुलटा फिरवायचा. मग आटे वाकडे चढत नाहीत. मशीनच्या बाजूला ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तिथे आटे प्लास्टिकचे असतात आणि एकदा वाकडे चढले की सगळा व्हॉल्व्ह बदलावा लागतो. त्या व्हॉल्व्हच्या तोंडातली छोटी जाळीही पक्कडीने ओढून काढली. टँकरची रेती तिच्यात मोहरीच्या दाण्यांसारखी बसली होती, मशीनला पाणी भरायला अलीकडे वेळ का लागत होता ते समजलं. जाळी धुऊन परत बसवली. मग दोन्ही नट हाताने जितके जातील तितके, आणि त्यानंतर पान्याने पाव फेरा. तेवढाच. वायसर दबावा पण चेंगरू नये.

गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडला, तोटी हळूहळू सोडली. तोटीखाली, मशीनच्या मागे आणि फरशीवर कालचं वर्तमानपत्र पसरलं होतं. बोट जो थेंब चुकवतं तो कागदावर राखाडी ठिपका होऊन दिसतो. मशीन सुरू करून उभी राहिले. पाणी भरून होतं आणि व्हॉल्व्ह एकदम बंद होतो तेव्हा पाइपला एक हिसका बसतो, धप्प असा. जोड कच्चा असेल तर त्या क्षणी बोलतो. तीन वेळा पाणी भरलं, तीनदा धप्प झालं, कागद कोरडा. रात्री कोरडा. मंगळवारी सकाळीही अक्षर न् अक्षर कोरडं. आता धुणं झालं की आमच्याकडे तोटी बंद होते. मशीनशेजारच्या भिंतीवर मुलीने तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

भिंतीच्या आतलं मात्र वर्तमानपत्राला दिसत नाही. ते मला माहीत होतं, म्हणून आठ दिवस थांबले आणि मग खाली गेले. काकूंना सगळं सांगितलं. पाइप बदलला, काहीही ऐकू आलं नाही, तरीही एकदा छत बघू का म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, “अगं, असतं तर मी नसते का आले?” पण काका उठलेच. त्यांनी तेच स्टूल आणलं. आता त्यांचे गुडघे दुखतात. मी चढते म्हटलं तर ऐकेनात, “कुठे हात लावायचा ते मला माहितीये.”

डिसेंबरमधल्या रंगाखाली जुनी ओल दिसत नाही. पण उजेड बाजूने आला की सर्वांत बाहेरची पेन्सिलची रेघ पुसटशी कळते. काका त्या रेघेवरून हाताची मागची बाजू फिरवत गेले, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फळीवर पिठाचा डबा होता. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होते.

“कोरडं आहे,” ते वरून म्हणाले.